‘अडलंय कुठं?’ : इमारत प्रकल्पाच्या नियोजनाचं ॲप आखताना

आमच्या ॲपच्या पहिल्या आवृत्तीत गँट चार्ट होता, म्हणजे प्रत्येक कामासाठी तारखांवर पसरलेला एक पट्टा. रंगीत, बोटाने ओढून लांब-आखूड करता येणारा. त्यात चार महिने गेले. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या बिल्डरच्या ऑफिसात तो मोठ्या स्क्रीनवर दाखवला. साहेबांनी दोन मिनिटं शांतपणे पाहिलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “छान आहे हो. पण अडलंय कुठं?”

चार्टवर ते दिसत नव्हतं. अग्निशमन खात्याच्या ना हरकत दाखल्याची फाइल तीन आठवडे एका टेबलावर पडून होती आणि आमच्याकडे त्या जागी नुसता एक पिवळा पट्टा होता. त्या दिवशी घरी येताना कळलं, की आपण कामांचं वेळापत्रक बनवलंय आणि या माणसाला हवी आहे अडलेल्या गोष्टींची यादी.

हा लेख त्यानंतर जे शिकलो त्याचा. महाराष्ट्रात पाच-पंचवीस फ्लॅटपासून दीड-दोनशे फ्लॅटपर्यंतचे प्रकल्प करणाऱ्यांसाठी ॲप बनवायचं असेल, तर कशापासून सुरुवात करावी, कोणता स्क्रीन आधी काढावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, ते क्रमाने सांगतो. नियमांची उदाहरणं डिसेंबर २०२० पासून मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी लागू झालेल्या एकत्रित नियमावलीची, म्हणजे यूडीसीपीआरची आहेत. बृहन्मुंबईचा कारभार वेगळा, तिथे डीसीपीआर २०३४ ही स्वतंत्र नियमावली चालते. दोन्ही एकाच ॲपमध्ये पहिल्याच दमात कोंबायला जाऊ नका.

पायरी १ : दहा दिवस नुसते बसा

निम्मे दिवस ऑफिसात, निम्मे साइटवर. लॅपटॉप उघडायचा नाही. कोण कोणाला कशासाठी फोन करतं, एवढंच टिपायचं. आम्ही हे उशिरा केलं, म्हणून चार महिने वाया गेले.

आज हे सगळं काम तीन गोष्टींवर चालतं : व्हॉट्सॲप ग्रुप, एक्सेलची एक शीट आणि कोणाची तरी डायरी. डायरी सगळ्यात महत्त्वाची. लायझनिंग पाहणारे एक काका होते. पालिका, मोजणी कार्यालय, वीज कंपनी अशा फेऱ्या मारणं हेच त्यांचं काम. त्यांच्या डायरीतली एक ओळ मी तशीच उतरवून घेतली होती : “ड्रेनेज – सोमवारी – सही बाकी – झेरॉक्स चालत नाही, मूळ नकाशा हवा.” या एका ओळीत काय अडलंय, पुन्हा कधी जायचं, कोणाकडे अडलंय आणि काय दिलं की सुटेल, हे चारही आलं. आमच्या डेटाबेसमध्ये त्याच गोष्टीसाठी ‘प्रलंबित’ असा एक शब्द होता.

माणसांची यादीही इथेच करा. मालक किंवा भागीदार, प्रोजेक्ट मॅनेजर, लायझनिंगवाला, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचं गणित पाहणारा), साइट इंजिनिअर, सुपरवायझर, अकाउंटंट, विक्रीची मंडळी. प्रत्येकाच्या नावापुढे एकच प्रश्न लिहा : सकाळी ऑफिसात किंवा साइटवर आल्यावर हा पहिली कोणती गोष्ट विचारतो? मालक विचारतो काय अडलंय. सुपरवायझर विचारतो आज माणसं किती आली आणि माल आला का. अकाउंटंट विचारतो आज कोणाला पैसे द्यायचेत. या तिघांना एकच ‘डॅशबोर्ड’ दाखवणं म्हणजे एकाच मापाचा शर्ट घरातल्या सगळ्यांना घालणं.

पायरी २ : ‘काम’ नको, ‘अट’ मध्यभागी ठेवा

तयार मिळणाऱ्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ घटक ‘काम’ असतो. काम, सुरुवात, शेवट, टक्केवारी. इमारतीच्या धंद्यात काम सुरू होण्यापूर्वी जे लागतं, तिथेच वर्ष निघून जातं. म्हणून आम्ही मूळ घटक ठेवला ‘अट’. पाच रकाने : काय हवं, कोणाकडे अडलंय, काय दिलं की सुटेल, पुढची तारीख, आणि याच्यामागे काय काय थांबलंय. पहिले चार काकांच्या डायरीतून आले, पाचवा आमचा. तो मात्र माणसाला भरायला लावू नका, ॲपने स्वतः काढावा.

अटींची साखळी जमिनीपासून सुरू होते. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, मोजणीचा नकाशा, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मग विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र. सातबाऱ्यासाठी ‘कागद जोडा’ एवढंच बटण पुरत नाही. त्यातल्या दोन गोष्टी ॲपने मुद्दाम विचाराव्यात : भोगवटादार वर्ग १ की २, आणि ‘इतर हक्क’ रकान्यात काही नोंद आहे का. वर्ग २ असेल तर हस्तांतरणावर बंधनं असतात आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे लगेच एक नवी अट तयार झाली पाहिजे. इतर हक्कात बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, काहीही निघू शकतं. प्रकल्प वर्षभर पुढे गेल्यावर ही नोंद कोणाच्या तरी डोळ्यांसमोर येते, तेव्हा ऑफिसात जी शांतता पसरते ती मी एकदा अनुभवली आहे.

नंतर नकाशा मंजुरी, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, महारेराची (रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी, जोते तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. यातल्या काही अटींना मुदत असते, हे विसरू नका. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रारंभ प्रमाणपत्र १ वर्ष चालतं, मग दरवर्षी नूतनीकरण. मिळालेला कागद म्हणजे संपलेली अट, असं धरलंत तर नूतनीकरणाची तारीख ॲपमधून गायब होते. आमच्याकडे झाली होती.

पायरी ३ : पहिला स्क्रीन

या स्क्रीनवर एकच यादी असावी. वर ठळक अक्षरात ‘अडलेलं : ७’, खाली सात ओळी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी : काय, कोणाकडे, किती दिवस. बस.

क्रम लावण्यावर मात्र विचार करा. आधी आम्ही जास्त दिवस अडलेलं वर ठेवलं. मग सोसायटीच्या पाटीवरच्या नावाचा निर्णय नव्वद दिवस अडलेला म्हणून सगळ्यात वर, आणि काल अडलेला जोते तपासणीचा अर्ज तळाला. आता क्रम लागतो तो त्यामागे किती कामं थांबली आहेत आणि त्यातलं सगळ्यात जवळचं काम किती दिवसांवर आहे यावर. ओळीवर टिचकी मारली की ‘काय दिलं की सुटेल’ हे वाक्य मोठ्या अक्षरात दिसतं आणि शेजारी फोनचं चिन्ह. इथे लोक वाचतात आणि फोन लावतात. ॲपमधली चॅट आम्ही बनवली होती, कोणीही वापरली नाही. व्हॉट्सॲपशी झगडू नका. अटीचा मजकूर एका बटणात व्हॉट्सॲपवर पाठवता आला की झालं.

पावसाळ्याचाही हिशेब इथेच घाला. खोदाई आणि जोतं जूनच्या आत उरकायचं, हे इथल्या प्रत्येक इंजिनिअरला पाठ असतं, पण परवानगी लांबली की तारखा गुपचूप पावसात सरकतात. पायाचं काम जून ते सप्टेंबरमध्ये गेलं की ॲपने त्याच दिवशी एक ओळ दाखवावी : ‘मंजुरी आणखी १२ दिवस लांबली तर पाया पावसात येतो.’ हे वाक्य पाहून मालक स्वतः फोन उचलतो.

पायरी ४ : जागेवर किती बांधता येईल?

जमीन घेण्याआधीचा हा प्रश्न, आणि ॲप विकलं जातं ते बहुतेकदा याच स्क्रीनवर. म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला घोळ मोजमापाचा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, शेतकरी गुंठ्यात बोलतो, पालिका चौरस मीटरमध्ये आणि गिऱ्हाईक चौरस फुटांत. आर आणि गुंठा एकच, असं बोलताना सर्रास धरलं जातं. २० आर म्हणजे २,००० चौरस मीटर. २० गुंठे म्हणजे, १०१.१७ ने गुणून, सुमारे २,०२३. फरक २३ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण २५० चौरस फूट जमीन. त्यावर २.०० चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या दुप्पट बांधकाम, धरला तर ५०० चौरस फूट बांधकाम, म्हणजे एक छोटा फ्लॅट. तो कागदावर आहे, जागेवर नाही. म्हणून क्षेत्राच्या चौकटीत आकड्याशेजारी एकक निवडल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका, आणि लगेच खाली बाकी तिन्ही एककांत तोच आकडा दाखवा. आपोआप ‘आर’ निवडून ठेवण्याची हुशारी करू नका.

दुसरा मुद्दा, उत्तर कसं दाखवायचं. समजा २,००० चौरस मीटरचा भूखंड, मोठ्या महापालिकेच्या हद्दीत पण दाटवस्तीबाहेर, रस्ता ९ मीटरहून रुंद पण १२ पेक्षा अरुंद, आरक्षण आणि रस्तारुंदीकरण काही नाही. यूडीसीपीआरनुसार मूळ निर्देशांक १.१०, म्हणजे २,२०० चौरस मीटर. अधिमूल्य (प्रीमियम) भरून ०.५०, म्हणजे १,०००. टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, ०.४०, म्हणजे ८००. एकूण ४,०००. त्यावर निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (जादा, पूरक) निर्देशांक, पुन्हा अधिमूल्य भरून : २,४००. सगळं मिळून ६,४०० चौरस मीटर.

आमच्या पहिल्या स्क्रीनवर फक्त ‘६,४००’ असा आकडा होता, मोठ्या हिरव्या अक्षरात. आर्किटेक्टने पाहिलं आणि स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर सगळं पुन्हा केलं. साहजिक आहे, उत्तरावर सही त्याची असते. आता प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं की ‘कसं आलं?’ उघडतं : गुणाकार, नियमाचा क्रमांक आणि तो नियम कोणत्या तारखेपासूनचा. पाच ओळींची ही पायरी-पायरीची मांडणी आल्यावर लोकांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. फुकट मिळणारं क्षेत्र आणि पैसे भरून मिळणारं क्षेत्र यांचे रंगही वेगळे ठेवा. ६,४०० पैकी २,२०० च मूळ हक्काचे आहेत, बाकीचे विकत घ्यायचेत, हे नवख्या जमीनमालकाला एका नजरेत कळलं पाहिजे.

आणि रस्ता. तोच भूखंड ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर असेल तर अधिमूल्य आणि टीडीआर दोन्ही जातात, उरतो १.१०. म्हणून रस्त्याची रुंदी विचारताना ‘जागेवर मोजलेली’ की ‘विकास आराखड्यातली’ हेही विचारा.

हे आकडे प्रोग्रामरला कोडमध्ये लिहू देऊ नका. नियमावलीत दुरुस्त्या होत राहतात. सगळे निर्देशांक एका तक्त्यात, ‘या तारखेपासून लागू’ अशा रकान्यासह ठेवा, आणि तो तक्ता आर्किटेक्टला बदलता यावा. जुन्या प्रकल्पाचं गणित नव्या तक्त्याने आपोआप बदलता कामा नये.

पायरी ५ : साइटवरचा स्क्रीन

हा स्क्रीन एसीत बसून काढू नका. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता स्लॅबवर उभं राहून फोन उघडा, मग कळेल की डिझायनरला आवडणारी फिकट राखाडी अक्षरं तिथे दिसतच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ : १ फरक हवा, असं सुलभतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, साइटसाठी आम्ही सरळ पांढऱ्यावर काळं केलं. अँड्रॉइडच्या शिफारशीत बटण किमान ४८ डीपीचं (डीपी हे स्क्रीनवरच्या मापाचं एकक). आम्ही ६४ ठेवलं, कारण बोटाला सिमेंट लागलेलं असतं.

सुपरवायझरला दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत भरता येईल एवढंच मागा : माणसं किती (गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फिटर), माल काय आला, काय झालं, एक फोटो. कालचे आकडे आधीच भरलेले असावेत, त्याने फक्त फरक करावा. खडी, वाळू ब्रासमध्ये, सिमेंट गोणीत, सळई टनात. इथे घनमीटर मागितलंत तर आकडा अंदाजाने येईल.

तळघरात रेंज नसते. नोंद फोनमध्येच साठली पाहिजे आणि वर स्पष्ट दिसलं पाहिजे : ‘पाठवायचं बाकी : ३’. नुसतं गोल गोल फिरणारं चिन्ह दाखवलंत की तो माणूस ॲप बंद करतो आणि नोंद जाते. दोघांनी एकाच दिवसाची वेगवेगळी नोंद केली तर एक पुसून दुसरी ठेवू नका, दोन्ही ठेवा आणि इंजिनिअरला विचारा.

स्लॅबचं चक्र हे ॲपने खरोखर मदत करण्याचं ठिकाण. स्लॅब कधी टाकला एवढं कळलं की पुढच्या तारखा ॲपला काढता येतात. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ : २००० प्रमाणे, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, फ्लायॲश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला १०. स्लॅबखालचे टेकू गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवसांनी, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी काढायचे. काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांची ताकदीची चाचणी ७ आणि २८ दिवसांची. हे सगळं एका तारखेवरून निघतं, मग माणसाला का भरायला लावायचं? मात्र तारीख दाखवताना ‘याच्या आधी नाही’ असं लिहा, ‘या दिवशी काढा’ असं नको. ठोकळ्याचा निकाल कमी आला तर निर्णय आरसीसी कन्सल्टंटचा असतो.

पायरी ६ : खूण आणि पैसा

साइट इंजिनिअरने ‘जोतं पूर्ण’ या चौकटीत खूण केली की ऑफिसात काय होतं? गिऱ्हाइकांना मागणीपत्रं जातात. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारात टप्पे ठरलेले आहेत : करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०, अशी चढती भाजणी. म्हणजे बोटाच्या एका टिचकीवर कोट्यवधींची मागणी हलते. आमच्या चाचणीत एका नव्या इंजिनिअरने कुतूहलापोटी ती खूण करून पाहिली होती. नशिबाने तो सरावाचा प्रकल्प होता. आता पैशाशी जोडलेल्या प्रत्येक खुणेला फोटो लागतो आणि दुसऱ्या माणसाची मान्यता लागते.

रेराच्या दोन-तीन गोष्टी ॲपने स्वतः सांभाळाव्यात. भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणीआधी जाहिरात आणि विक्री करता येत नाही. तोवर विक्रीचा विभाग कुलूपबंद. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. पावतीचा स्क्रीन तिथे थांबला पाहिजे. गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेचे ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर व सनदी लेखापालाची प्रमाणपत्रं लागतात. म्हणून ‘बँकेत आहेत’ आणि ‘वापरता येतात’ हे दोन आकडे वेगळे दाखवा. गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या प्रती सगळ्यांना दिसतील अशा फोल्डरात ठेवू नका, एवढंच सांगून पुढे जातो.

रकमेच्या चौकटीखाली तीच रक्कम अक्षरात लिहा. १,२५,००,००० टाकलं की खाली ‘सव्वा कोटी’. शून्याची चूक आकड्यात दिसत नाही, शब्दात लगेच दिसते. साडेबारा लाखांच्या जागी ‘सव्वा कोटी’ वाचलं की माणूस दचकतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ॲपला शिकवायला आमच्या प्रोग्रामरला अर्धा दिवस लागला. सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच झालं.

पायरी ७ : मराठी

भाषांतर करणाऱ्या कंपनीकडे इंग्रजी शब्दांची यादी पाठवू नका. आमच्याकडे ‘स्लॅब’चं ‘फलक’ होऊन आलं. लोक म्हणतात ते लिहा : स्लॅब, सेंट्रिंग, गिलावा, वीटकाम, प्लंबिंग. कागदपत्रांना मात्र सरकारी नावं, कारण तीच कागदावर छापलेली असतात : भोगवटा प्रमाणपत्र, फेरफार.

तांत्रिक खड्डे दोन. मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) निवडलं की बहुतेक प्रणाली आकडे आपोआप देवनागरीत दाखवतात, पण फोनच्या कीबोर्डवरून येतात इंग्रजी आकडे. दोन्ही स्वीकारा. दुसरा खड्डा शोधाचा : ‘ॲल्युमिनियम’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये एका अक्षराने लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. आमच्याकडे खिडक्यांचा ठेकेदार यादीत होता आणि शोधल्यावर मिळत नव्हता. शोधण्याआधी असे पर्याय एका रूपात आणा, आणि विट-वीट, पाणि-पाणी असा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक शोधापुरता माफ करा.

पायरी ८ : पाच माणसं, एक तास

वापरसुलभतेचे (युजॅबिलिटीचे) अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं, की पाच जणांवर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी दिसतात. मी त्यात भर घालीन : हे पाच वेगवेगळ्या हुद्द्यांचे नकोत. एकदा पाच सुपरवायझर, एकदा पाच अकाउंटंट.

काम सांगा, वाट सांगू नका. ‘आज बारा बिगारी आले आणि दोन ब्रास खडी आली, नोंद करा.’ मग गप्प बसा. एका सुपरवायझरने सगळं बिनचूक भरलं आणि शेवटी ‘जतन करा’ न दाबता फोन खिशात टाकला. पुढच्यानेही तेच केलं. आम्ही त्यांना समजावत बसलो नाही, बटणच काढून टाकलं. आता लिहिलेलं आपोआप साठतं.

पहिल्या आवृत्तीत घ्या फक्त एवढं : अडलेल्यांची यादी, कागदपत्रं, क्षेत्राचं गणित, साइटची रोजची नोंद. त्रिमितीय चित्रं, ठेकेदारांच्या निविदा, गिऱ्हाइकांचं वेगळं ॲप, हे सगळं नंतर. त्यासाठी मागणी येईल, पहिल्याच आठवड्यात येईल. वहीत लिहून ठेवा.

गँट चार्ट आम्ही काढला नाही. तो तिसऱ्या टॅबमध्ये आहे, ए-थ्री कागदावर छापता येतो. कर्जाच्या पाहणीला बँकेचे साहेब येणार असले, की ऑफिसातलं कोणीतरी तो उघडतं आणि प्रिंट काढून भिंतीला लावतं.